फुगलेल्या फळीची तारीख

ओट्याखालच्या ट्रॉलीची फळी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फुगली. आधी कडेची पट्टी सुटली, मग आतला भाग चहात बुडवलेल्या खारीसारखा वर आला आणि एके दिवशी तेलाच्या डब्यांचा खण ओढला तर चॅनलचे स्क्रू भुशासकट बाहेर आले. ट्रॉल्या बसवून पाच महिनेही झाले नव्हते. फेब्रुवारी 2022 मध्ये काम संपवताना दुकानदार म्हणाला होता, "वहिनी, प्लाय एकदम कडक आहे, पाण्यात ठेवा." पाण्यात ठेवायची वेळच आली नाही. पावसाळी हवेनेच काम उरकलं.

पुढचे तीन महिने फोनवर गेले. माणूस पाठवतो, माणूस गावाला गेलाय, गणपती होऊ द्या, दसरा होऊ द्या. ऑक्टोबरात त्याने फोन उचलणंच बंद केलं. ओळखीच्या वकिलांनी सरळ सांगितलं, की 92 हजारांच्या प्रकरणात माझी फी तुम्हाला परवडणार नाही, ग्राहक आयोगात तुम्हीच उभ्या राहा, कायद्याने चालतं.

चालतं, आणि बरंच स्वस्तात चालतं. 1986 चा जुना ग्राहक कायदा जाऊन 2019 चा नवा आला, तो जुलै 2020 पासून लागू आहे. जिल्हा आयोगात 50 लाखांपर्यंतची प्रकरणं येतात आणि हा आकडा आपण मोजलेल्या पैशावर धरतात, मागितलेल्या भरपाईवर नाही. पाच लाखांपर्यंत शुल्क शून्य. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची सोय वेगळीच होती. दुकान शेजारच्या जिल्ह्यातलं, पण नव्या कायद्यात तक्रार आपण राहतो तिथे करता येते. म्हणजे हेलपाटे त्याला. (मलाही झाले, पण एसटीने पाऊण तासाचे.) मुदत दोन वर्षांची. ऑनलाइन दाखल करायची सोयही तेव्हा सुरू झालेली होती. माझा स्कॅनरवर विश्वास नाही, मी कागद घेऊन गेले.

त्याआधी नोटीस. रजिस्टर ए.डी.ने पाठवलेलं पाकीट पंधरा दिवसांनी "अनक्लेम्ड" शेरा घेऊन परत आलं. रागाने ते फाडणार होते. आयोगाच्या समोरच्या झेरॉक्सवाल्याने माझा हात धरला. "फोडू नका. बंद पाकीट हाच पुरावा. आहे तसं लावा." या माणसाने माझ्यासारखे किती तक्रारदार पाहिले असतील कोण जाणे, समास किती सोडायचा, पानांना आकडे कुठे घालायचे, संच किती काढायचे, सगळं त्याला पाठ. फी फक्त पानाला दोन रुपये.

तक्रारीचा पहिला खर्डा मी अकरा पानांचा लिहिला होता. स्वयंपाकघर करायचं स्वप्न किती वर्षांचं, सासूबाई काय म्हणाल्या, दुकानदार फोनवर कसा उर्मटपणे बोलला, सगळं त्यात होतं. शाळेत तीस वर्षं निबंध तपासलेले, त्यामुळे भाषा सुरेख. खिडकीपलीकडच्या कारकुनाने पानं चाळली. सल्ला देणं हे त्याचं काम नव्हे, तसं त्याने सांगितलंही. मग हळूच म्हणाला, "मॅडम, यात तारीख कुठंय?"

तारखा होत्या, पण विशेषणांखाली गाडल्या गेलेल्या. घरी येऊन कोऱ्या कागदावर नुसत्या तारखा उतरवल्या. 19 जानेवारीला कोटेशन. 22 ला आगाऊ 40 हजार, चेकने. 17 फेब्रुवारीला काम पूर्ण, उरलेले 52 हजार, बिल. 11 जुलैला फळी फुगली, त्याच दिवशी फोटो. प्रत्येक तारखेपुढे कागद कोणता ते लिहीत गेले आणि ज्या ओळीपुढे कागद नव्हता ती खोडली. उर्मटपणापुढे काहीच लिहिता येईना. सासूबाईही गेल्या. उरली सव्वातीन पानं. शेवटी विनंती: पैसे परत, त्यावर व्याज, मानसिक त्रासाचे एक लाख, खर्चाचे दहा हजार. एक लाख हा आकडा मी कुठून काढला ते विचारू नका.

तिथली भाषा ऐकत ऐकत अंगवळणी पडते. मी तक्रारदार झाले, तो जाबदेणार. इतर जिल्ह्यांच्या निकालपत्रांत त्यालाच सामनेवाला म्हणतात, विरुद्ध पक्ष म्हणतात, मराठवाड्यात गैरअर्जदार. तक्रार ही निशाणी 1. एखादी गोष्ट लेखी कळवायची तर "पुरसीस" द्यायची. त्या दिवशी काय झालं ते रोजनाम्यात. सकाळी दाराबाहेरच्या बोर्डावर आपला नंबर शोधायचा, बाकावर बसायचं आणि पुकारा झाला की उठून "हजर" म्हणायचं. पहिल्या तारखेला मी "प्रेझेंट सर" म्हणाले. समोर अध्यक्ष बाई होत्या.

आयोगाच्या नोटिशीनंतर जाबदेणाराला म्हणणं मांडायला तीस दिवस मिळतात, वर फार तर पंधरा. पंचेचाळिसाव्या दिवसानंतर दार बंद, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये पक्कं केलेलं आहे. मी कॅलेंडरवर रोज फुली मारत होते. एक्केचाळिसाव्या दिवशी त्याचे वकील कैफियत घेऊन हजर. त्यात लिहिलं होतं, की तक्रारदार यांनी सदर स्वयंपाकघरात निष्काळजीपणे पाण्याचा वापर केला. हे वाक्य मी घरी सगळ्यांना वाचून दाखवलं.

पण त्याच कैफियतीत खरी मेख होती. बिलावर फक्त "किचन ट्रॉली, 1 नग" एवढंच आहे, प्लायचा उल्लेखच नाही, त्यामुळे प्लाय देण्याचा करार नव्हता. मुद्दा बिनतोड वाटत होता. बिल घेताना मी त्याच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं.

पुरावा इथे शपथपत्रावर चालतो, सिनेमासारखी उलटतपासणी माझ्या प्रकरणात झाली नाही. आमच्या गल्लीतले सुतारकाका शपथपत्र द्यायला तयार झाले. त्यांनी फळीचा वीतभर तुकडा कापून काढला, कड माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "प्लायला थर असतात, पापुद्र्यासारखे, एक उभा एक आडवा. हिला आहेत का? नुसता भुसा दाबलाय. हा पार्टिकल बोर्ड." नखाने टोकरलं तर कणी सुटत होती. तो तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी पुढच्या प्रत्येक तारखेला नेला. एसटीत शेजारच्या बाईने विचारलं, चिक्की आहे का.

कोटेशन व्हॉट्सअॅपवर आलेलं होतं. नुसती छापील प्रत चालत नाही, तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम 65-ब प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, की हा फोन माझा, हा मजकूर जसाच्या तसा. झेरॉक्सवाल्याकडे त्याचाही नमुना होता.

मधल्या तारखांबद्दल सांगण्यासारखं थोडं. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा. मला पंधरा लागले. एकदा वकील आजारी, एकदा कोरम अपुरा, एकदा दुकानदाराने जिन्यात गाठून पंधरा हजारांवर मिटवू म्हणून पाहिलं. मी नको म्हटलं, आणि परतीच्या एसटीत बसल्यावर घ्यायला हवे होते असं वाटत राहिलं.

युक्तिवादाच्या दिवशी मला दहा मिनिटं मिळाली, मी चार वापरली. अध्यक्षांनी कोटेशनवर बोट ठेवून वकिलांना विचारलं, "इथे 710 ग्रेड लिहिलंय. म्हणजे काय?" वकिलांनी मागे वळून अशिलाकडे पाहिलं. अशिलाने माझ्याकडे. मी उत्तर दिलं नाही. सुतारकाकांच्या शपथपत्रातच ते होतं: आयएस 710 हे मरीन प्लायवूडचं भारतीय मानक आहे. एका सदस्यांनी पिशवीतला तुकडा मागून घेतला, कड पाहिली आणि शेजारी सरकवला. त्यांच्या टेबलावर थोडा भुसा सांडला.

फेब्रुवारी 2024 मध्ये निकाल: तक्रार अंशतः मंजूर. सत्तर हजार परत, दाखल तारखेपासून नऊ टक्के व्याज, त्रासाचे पाच हजार, खर्चाचे तीन. माझे एक लाख कुठल्या कुठे गेले. मुदत पंचेचाळीस दिवस. चाळिसाव्या दिवसापर्यंत काहीच हललं नाही, तेव्हा मी कलम 72 ची प्रत त्याला पाठवली. आदेश न पाळल्यास एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा किमान पंचवीस हजार दंड, किंवा दोन्ही. सोबत एक शब्दही लिहिला नाही.

चौथ्या दिवशी तो स्वतः डिमांड ड्राफ्ट घेऊन घरी आला. मी पावती लिहून दिली, तारीख वर. चहा विचारला, घेतला. सवयीने त्याची नजर ओट्याखाली गेली. तिथे आता दुसऱ्याकडून करून घेतलेल्या ट्रॉल्या होत्या. वाकून त्याने एक खण ओढला, आत ढकलला, पुन्हा ओढला.

"चॅनल चांगले लावलेत वहिनी," तो म्हणाला. "कितीला पडलं?"