संगणकाचे वचन

मुलांनो, ईदच्या आधी तुम्ही शिंप्याकडे कापड देता. शिंपी माप घेतो आणि हातात चिठ्ठी देतो. कुडता अजून शिवलेला नसतो. तरी चिठ्ठी खिशात घालून तुम्ही दुसऱ्या कामाला लागता. आपण उर्दूत ज्याला वादा म्हणतो आणि मराठीत वचन, त्याचीच ती खूण.

संगणकाच्या आज्ञावलीतही अशी चिठ्ठी असते. तिचे नाव प्रॉमिस. ती जावास्क्रिप्ट या भाषेत वापरतात. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली ही भाषा तयार केली. ती एका वेळी एकच काम करते. समजा, तुम्ही दहावीचा निकाल पाहण्यासाठी बैठक क्रमांक टाकला. निकाल दूरच्या संगणकावरून यायचा. कधी दोन सेकंद लागतील, कधी वीस. तेवढा वेळ जावास्क्रिप्ट वाट पाहत बसली, तर सारे पान थिजून जाईल. म्हणून ती प्रॉमिस घेते आणि पुढे जाते.

पूर्वी 'हे झाले की ते कर' अशा सूचना एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी अशा लिहाव्या लागत. वाचणाऱ्याचे डोके फिरून जाई! २०१५ साली प्रॉमिस या भाषेच्या नियमांत आले.

प्रॉमिस आधी प्रलंबित असते. मग ते पूर्ण होते किंवा मोडते. एकदा काय ते ठरले की पुन्हा बदलत नाही. शिंप्याची गोष्ट वेगळी! पूर्ण झाल्यावर काय करायचे ते 'देन'मध्ये लिहितात, मोडल्यास काय करायचे ते 'कॅच'मध्ये.

नवशिके नेमके कॅच विसरतात. मग काय होते? निकाल येत नाही आणि तो आला नाही हेही कोणी सांगत नाही. पडद्यावर चाक फिरत राहते. बिचारा विद्यार्थी आपण नापास झालो असे समजून रडू लागतो. 'निकाल मिळाला नाही, पुन्हा प्रयत्न करा' एवढी एक ओळ कॅचमध्ये असती, तर त्याचे रडणे वाचले असते.

दुसरी चूक वेळेची. गुण, नाव आणि छायाचित्र प्रत्येकी दोन सेकंदांत येत असेल आणि ते एकामागून एक मागवले, तर सहा सेकंद जातात. तिन्ही एकदम मागवून 'प्रॉमिस ऑल'ने वाट पाहिली, तर साधारण दोनच. मात्र त्यांतले एक मोडले तरी 'ऑल' मोडते. छायाचित्र नाही म्हणून गुणही दिसू नयेत, हे बरे नव्हे. अशा वेळी 'ऑलसेटल्ड' वापरावे. ते २०२० साली आले. ते तिघांचे काय झाले ते वेगवेगळे सांगते.