शबय, पोस्त आणि वरचे वीस रुपये

मालवणच्या बाजारपेठेतल्या सलूनांत भिंतीवर दरपत्रक लावलेलं असतं. कटिंगचा दर, दाढीचा दर, लहान मुलांचा दर. तेवढे पैसे दिले की व्यवहार पुरा. तरीही खुर्चीवरून उठलेल्या माणसाचा हात खिशापाशी जरासा थबकतो: वर दहा-वीस द्यावेत का? मला या थबकण्याचं विलक्षण कुतूहल वाटतं. केस कापून झालेले आहेत, जास्त पैशांनी ते आता आणखी नीट कापले जाणार नाहीत. बाजाराच्या हिशेबात या वीस रुपयांना जागाच नाही.

न्हाव्याकडे महिन्याभरानं पुन्हा जायचंय, एवढं तरी कारण सांगता येईल. पण सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेणारा होडीवाला किंवा तारकर्लीला पाण्याखाली आपला हात धरून प्रवाळ दाखवणारा मुलगा नागपूरच्या पर्यटकाला आयुष्यात पुन्हा भेटेल, याची शक्यता किती? तरी तोही वर पैसे देतो. बरं, काम चांगलं झालं म्हणून देतो म्हणावं, तर तेही पुरतं खरं नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या मायकेल लिन यांनी एका सहकाऱ्यासह रेस्टॉरंटमधल्या टिपांचे आधीचे अभ्यास एकत्र करून तपासले. २००० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष थक्क करणारा आहे. टिपेच्या रकमांत जो कमी-जास्तपणा दिसतो, त्यातला दोन टक्क्यांहूनही कमी भाग सेवेच्या दर्जाशी जोडता येतो.

मग आपण देतो ते कशापोटी? मला वाटतं, याचा एक धागा कोकणातल्या घरासमोरच्या खळ्यात सापडतो.

म्हाली, म्हणजे न्हावी, पूर्वी घरी यायचा. खळ्यात बसून घरातल्या पुरुषांच्या आणि पोरांच्या हजामती करायचा आणि पुढच्या घरी जायचा. त्या वेळी पैसे मिळत नसत. भात कापून झोडलं की त्याच खळ्यात त्याचं वर्षाचं भात मोजून दिलं जाई. हे बलुतं. यातली गंमत अशी की बलुतं हजामतीगणिक नव्हतं, वर्षाचं होतं. श्रावणात लोक दाढी वाढवत, म्हाल्याचा वस्तरा महिनाभर जवळजवळ थंड असे, पण त्याच्या वाट्याचं भात त्यामुळे कमी होत नसे. शिवाय लग्नात, जावळात त्याचा मान वेगळा, दिवाळीला पोस्त वेगळी. ही पोस्त बक्षीसच, पण ती मागताना कोणाला लाज वाटत नसे. शिमग्यात दारी येणारे सोंगाडे ‘शबय, शबय’ म्हणत हात पुढे करतात, तेही हक्कानंच. किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीच्या जाळ्याच्या दोराला हात लावणाऱ्याला मासळीतला वाटा मिळतो, त्याला कोणी टिप म्हणणार नाही. ठरलेल्या किमतीपलीकडचं देणं या किनाऱ्याला काही नवं नाही.

मात्र त्या व्यवस्थेला गोड रंग द्यायची माझी तयारी नाही. बलुतं जन्माला बांधलेलं होतं. कोणी काय काम करायचं हे जात ठरवत होती, आणि महारांच्या वाट्याला तर धान्याइतकाच अपमानही येत होता. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं, ते राबणाऱ्या माणसाला मालकांच्या मर्जीवर नव्हे, तर निश्चित मोबदल्यावर जगता यावं म्हणून. त्याच्याही आधी, १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतले न्हावी एकत्र आले आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं त्यांनी ठरवलं. हाती येणारा पैसा त्यांनी नाकारला. दुसऱ्याच्या देण्यावर अवलंबून असलेल्या माणसांनी असा निर्णय घ्यावा, ही गोष्ट मला आजही भारावून टाकते.

दरपत्रक आलं ते या सगळ्यानंतर, आणि ते चांगलंच झालं. दर भिंतीवर लिहिलेला असला की कोणापुढे मान झुकवावी लागत नाही. पण एक गोष्ट त्यात हरवली: वर्ष. आता पैसे डोक्यागणिक मिळतात. श्रावणात खुर्ची रिकामी, तर गल्लाही रिकामा. समुद्रावर तर हे आणखी कडक. मेच्या अखेरीस जलक्रीडा बंद होतात त्या थेट ऑगस्ट संपेपर्यंत. डिसेंबरात आणि मेमध्ये कमावलेल्या पैशांत स्कूबावाल्या मुलाला पावसाळा काढायचा असतो. पर्यटकानं वर दिलेली नोट त्या तीन कोरड्या महिन्यांत कुठे ना कुठे उपयोगी पडते, आणि माझ्या मते टिपेचं सगळ्यात सबळ समर्थन हेच आहे. काम आवडलं की नाही हा प्रश्न त्यामानानं लहान आहे.

मात्र टिप पगाराच्या जागी बसली की घात होतो. अमेरिकेत टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकानं द्यायचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवरच थांबलंय. बाकीचं गिऱ्हाइकांच्या मर्जीतून भरून निघेल असं धरलंय. बलुत्यातली मालकांची मर्जी तिथे दुसऱ्या वाटेनं परत आली. म्हणून होडीवाल्याशी भाड्यात घासाघीस करायची आणि उतरताना उदारपणे पन्नासची नोट पुढे करायची, हे मला पटत नाही. आधी पूर्ण भाडं, मग वरचं.

वरचं कोणाच्या हातात पडतं, तेही पाहायला हवं. दुकानाचा मालक स्वतःच कात्री चालवत असेल, तर दर त्याचाच, नफाही त्याचाच. पण अनेक सलूनांत खुर्चीमागे कारागीर उभा असतो आणि प्रत्येक कटिंगमधला ठरलेला भागच त्याला मिळतो. पूर्वी सुट्टे परत घेताना ‘ऱ्हवांदे’ (राहू दे) म्हटलं की ते त्याच्याकडे राहत. आता क्यूआर कोड मालकाचा, रक्कम नेमकी दराएवढी, आणि जास्त टाकली तरी ती मालकाच्याच खात्यात. मोबाइलच्या या सोयीनं कारागिराचे सुट्टे गिळले आहेत, आणि हे फारसं कोणाच्या ध्यानातही येत नाही.

चतुर्थीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत मुंबईहून चाकरमानी उतरतात, श्रावणभर वाढलेल्या दाढ्या एकदम सलूनात येतात आणि कारागीर सकाळपासून रात्रीपर्यंत उभ्यानं काम करतात. त्या गर्दीत पैसे मोबाइलवरून दिलेत तरी चालेल. कारागिरासाठी मात्र खिशात एक रोख नोट वेगळी ठेवावी आणि ती त्याच्याच हातात द्यावी.