‘झुंड’चा उत्तरार्ध

नागपुरच्या हिस्लॉप कॉलेजांत क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे यांनीं झोपडपट्टींतील मुलांस फुटबॉलची गोडी लावली. त्यांच्या कार्यावरून नागराज मंजुळे यांनीं सन २०२२ मध्यें ‘झुंड’ हा चित्रपट काढला. त्याच्या उत्तरार्धाविषयीं प्रेक्षकांत दुमत झालें. पूर्वार्धांत हंशा आहे, रंगलेला सामना आहे. पुढें मात्र परदेशीं खेळावयास जाण्यासाठीं पासपोर्टाची धडपड चालते. कित्येकांस हा भाग फार लांबलेला वाटला. परंतु ओळखीच्या एका कागदासाठीं आदिवासी मुलगी बापासह दारोदार हिंडते. तिचा खरा सामना तो हाच! मैदानांत प्रतिपक्षी निदान समोर दिसतो. सातपुड्याच्या पायथ्याहून जळगांव-धुळ्यास शिकावयास येणाऱ्या मुलांस हें निराळें सांगणें नलगे. वाचकहो, ज्यांचे दाखले घरच्या पेटींत सुरक्षित आहेत, त्यांनीं तो भाग पुन्हां एकदां पाहावा.