हरळीचे मैदान की प्लास्टिकचे?

मुलांच्या मैदानाचा विषय निघाला की हल्ली गावोगावी एक सूचना हटकून पुढे येते. "चर्चच्या किंवा शाळेच्या पटांगणावर शहरासारखे हिरवे टर्फ घातले तर?" सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पावसाळ्यात चिखल होऊ नये, उन्हाळ्यात धूळ उडू नये आणि मुलांनी संध्याकाळी मोबाईल बाजूला ठेवून खेळायला यावे, असे कोणाला वाटणार नाही? परंतु हा खर्च मोठा असतो आणि एकदा केला की मागे घेता येत नाही. म्हणून ही कृत्रिम हिरवळ म्हणजे काय, ती कोठे उपयोगी पडते आणि तिच्यावर खेळताना प्रकृतीची कोणती काळजी घ्यावी लागते, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. शेतकऱ्याला तो परका वाटू नये, कारण या हिरवळीचा बोलबाला झाला तोच मुळी गवताचे एक पीक वाया गेल्यामुळे.

गवत मेले, गालिचा आला

शहरातील मुलांना खेळायला मऊ जागा मिळावी, या हेतूने अमेरिकेतील फोर्ड फाउंडेशनने १९५० नंतरच्या दशकात या संशोधनाला चालना दिली. आपल्या शेतकऱ्यांना बियाणे व तणनाशकांमुळे नावाने माहीत असलेल्या मोन्सॅन्टो कंपनीने नायलॉनच्या धाग्यांचे गवत तयार केले. १९६४ मध्ये ते प्रॉव्हिडन्स शहरातील मोझेस ब्राउन शाळेच्या मैदानावर अंथरण्यात आले.

पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, ह्यूस्टन शहरात ॲस्ट्रोडोम हे छप्पर असलेले प्रचंड क्रीडागृह उघडले. आत खरे गवत लावले होते आणि तेही आपल्या हरळीच्या कुळातील एका संकरित जातीचे. त्याला ऊन मिळावे म्हणून छपराला पारदर्शक तक्ते बसवले होते. परंतु त्यांतून येणाऱ्या प्रकाशाने खेळाडूंचे डोळे दिपू लागले, उंच उडालेला चेंडू दिसेना. मग तक्त्यांना रंग फासला. चेंडू दिसू लागला, पण गवत मेले! सावलीत हरळी टिकत नाही, हे आपल्याकडील कोणत्याही शेतकऱ्याने सांगितले असते. अखेर १९६६ मध्ये तेथे नायलॉनचे गवत अंथरले आणि त्या क्रीडागृहाच्या नावावरून त्याचे 'ॲस्ट्रोटर्फ' असे नाव रूढ झाले.

म्हणजे जेथे ऊन पोचत नाही आणि गवत जगत नाही, अशा जागेची अडचण या शोधाने दूर केली. आपल्या अंगणात ती अडचण आहे का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

टर्फच्या पोटात काय असते?

वरून टर्फ गालिच्यासारखे दिसते, पण खाली बरेच काही असते. प्रथम माती खणून काढतात. मग खडी दाबून पाया करतात व पाणी निघून जाण्यासाठी नळ्या टाकतात. त्यावर बहुधा धक्का सोसणारा रबरी थर येतो आणि सर्वांत वर प्लास्टिकच्या धाग्यांचा गालिचा.

या गालिच्याचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यात धागे आखूड व दाट असतात. आंतरराष्ट्रीय हॉकी अशाच मैदानावर होते आणि खेळापूर्वी त्यावर पाणी शिंपडतात. दुसऱ्यात धाग्यांमध्ये वाळू भरलेली असते. तिसरा प्रकार फुटबॉलचा. त्यात धागे लांब असतात आणि ते उभे राहावेत म्हणून तळाशी वाळू व वर रबराचे काळे दाणे पसरतात. हे दाणे पुष्कळदा जुन्या टायरांचा भुगा असतात आणि पूर्ण आकाराच्या एका फुटबॉल मैदानाला ते सुमारे १०० टन लागतात. असा गालिचा साधारणपणे आठ-दहा वर्षे चालतो. नंतर तो काढून नवा टाकावा लागतो आणि जुन्याची विल्हेवाट ही मोठी डोकेदुखी होऊन बसते.

हॉकीने शिकवलेला धडा

मैदान बदलले की खेळ कोणाच्या हातून निसटतो, हे भारतीय हॉकीइतके दुसऱ्या कशानेही दाखवलेले नाही. १९२८ ते १९५६ या काळात भारताने ऑलिंपिकमध्ये सलग सहा सुवर्णपदके जिंकली. १९२८ च्या संघाचे कर्णधार होते छोटानागपूरच्या एका मुंडा आदिवासी ख्रिस्ती कुटुंबातील जयपाल सिंग. ग्वाल्हेरकरांना ज्यांचे नाव आजही जवळचे वाटते ते रूप सिंग १९३२ आणि १९३६ च्या विजयी संघांत होते. १९७५ मध्ये आपण क्वालालंपूर येथे गवतावर विश्वचषक जिंकला. सिमडेगा भागातील आदिवासी ख्रिस्ती खेळाडू मायकेल किंडो त्या संघात होते.

आणि पुढच्याच वर्षी, १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये, हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली. भारत सातव्या क्रमांकावर घसरला. १९८० मध्ये मॉस्कोला सुवर्णपदक मिळाले खरे, पण अनेक बलाढ्य संघांनी त्या स्पर्धेवर बहिष्कार घातला होता. १९८६ च्या लंडन येथील विश्वचषकात आपण बारा संघांत बारावे आलो. त्यानंतर ऑलिंपिकचे पदक पुन्हा दिसायला टोकियोची वाट पाहावी लागली. २०२१ मध्ये झालेल्या त्या स्पर्धेत आणि २०२४ मध्ये पॅरिसला आपल्याला कांस्यपदक मिळाले.

या घसरणीला संघटनेतील भांडणे वगैरे इतर कारणेही होती. परंतु मैदानाचे कारण मोठे होते. गवतावर चेंडू उड्या घेतो, अडखळतो. तेथे मनगटाची कसब असलेला खेळाडू भारी पडतो. कृत्रिम हिरवळीवर चेंडू सरळ आणि वेगाने धावतो. तेथे दम, जोरदार फटका आणि लांब पास यांना महत्त्व येते. श्रीमंत देशांनी अशी मैदाने झपाट्याने उभारली. आपल्याकडे ती अनेक वर्षे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. गावातला मुलगा मातीवर शिकायचा आणि निवडचाचणीच्या दिवशी प्रथमच टर्फवर पाय ठेवायचा! त्याचे काय होणार, हे उघडच आहे.

ओडिशातील सुंदरगढ जिल्हा हे याचे दुसरे अंग दाखवतो. तेथील शेतकरी आदिवासी वस्त्यांत हॉकीचे सामने होतात आणि जिंकणाऱ्या संघाला बक्षीस म्हणून बोकड मिळतो. त्या जिल्ह्यातील सौनामारा गावचे दिलीप तिर्की भारताचे कर्णधार झाले आणि तीन ऑलिंपिक खेळले. मुले मातीवर तयार होतातच. त्यांना योग्य वेळी टर्फ मिळाले पाहिजे, एवढेच. तेथील सरकारने अलीकडच्या वर्षांत गटागटांत अशी मैदाने उभारण्याचे काम हाती घेतले आणि २०२३ च्या विश्वचषकाचे सामने राउरकेलाच्या बिरसा मुंडा स्टेडियमवर झाले. मध्य प्रदेशातही ग्वाल्हेरला २००६ पासून मुलींची हॉकी अकादमी आहे.

यावरून आम्हांला असे वाटते की प्रत्येक गावात टर्फ नको, पण तालुक्यात किंवा जिल्ह्यात एक सार्वजनिक टर्फ जरूर हवे. त्यावर गरिबाच्या मुलालाही भाडे न भरता सराव करता आला पाहिजे. त्यासाठी ग्रामसभेत व क्रीडा खात्याकडे आग्रह धरावा.

प्रकृतीची काळजी

पहिली गोष्ट उष्णतेची. खरे गवत पानांतून वाफ सोडते व स्वतःला थंड ठेवते. प्लास्टिकला ते जमत नाही. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ मध्ये केलेल्या मोजणीत टर्फचा पृष्ठभाग गवतापेक्षा सुमारे ४८ अंश सेल्सिअसने आणि डांबरापेक्षाही सुमारे २० अंशांनी अधिक तापलेला आढळला. पाणी मारले तर टर्फ थोडा वेळ निवते, पण लवकरच पुन्हा तापते. आपल्या एप्रिल-मे महिन्यांत अशा मैदानावर दुपारी मुलांना मुळीच खेळू देऊ नये. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर खेळावे, पाणी भरपूर प्यावे. अनवाणी तर पाऊल ठेवू नये.

दुसरी गोष्ट खरचटण्याची. टर्फवर घसरले की कातडी भाजल्यासारखी सोलली जाते. २००३ मध्ये अमेरिकेच्या एका व्यावसायिक संघातील पाच खेळाडूंना नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंचा संसर्ग झाला. तो प्रत्येक वेळी टर्फवर खरचटलेल्या जागीच झाल्याचे तपासात दिसून आले. म्हणून जखम ताबडतोब साबणाने व स्वच्छ पाण्याने धुवावी, कोरडी करून झाकावी. टॉवेल एकमेकांचे वापरू नयेत. जखमेभोवती लाली पसरली, पू झाला किंवा ताप आला तर घरगुती लेप लावत न बसता दवाखाना गाठावा. मातीच्या मैदानावर खेळणाऱ्यांनीही धनुर्वाताची लस वेळेवर घ्यावी.

तिसरी गोष्ट सांध्यांची. टर्फवर बुटाची पकड घट्ट बसते. पाय जागीच राहतो व गुडघा वळतो. अंगठ्याच्या सांध्याच्या दुखापतीला तर १९७६ पासून 'टर्फ टो' असे नावच पडले आहे. गवताचे लांब खिळ्यांचे बूट टर्फवर वापरू नयेत.

राहिला रबराच्या दाण्यांचा प्रश्न. टायरच्या भुग्यात अपायकारक रसायने असतात, हे खरे. मात्र मैदानावर खेळल्याने कर्करोग होतो, असे सिद्ध झालेले नाही. युरोपच्या रसायन संस्थेने २०१७ मध्ये हा धोका फारच कमी असल्याचे म्हटले. तरीही दाणे तोंडात जाऊ देऊ नयेत, खेळून आल्यावर हातपाय धुवावेत आणि बूट दाराबाहेर झटकावेत. मोठी चिंता वेगळीच आहे. हे दाणे पावसाच्या पाण्याबरोबर ओहोळात, तेथून शेतात व खाडीत जातात आणि कधी कुजत नाहीत. याच कारणासाठी युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम करून अशा दाण्यांची विक्री २०३१ पासून बंद करण्याचे ठरवले आहे. तिकडे जे बंद होणार, ते आपण नव्याने विकत का घ्यावे?

बांधावरची हरळी

आता शेतकऱ्याच्या हातातला उपाय पाहू. गोव्यात फुटबॉल १८८३ मध्ये शिवोली येथे फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूंनी आणला, असे सांगतात. तेव्हापासून तो चर्चच्या पटांगणांवर आणि भातकापणी झालेल्या शेतांतच वाढला. जी हरळी आपण शेतातून काशा वेचून बाहेर फेकतो, तीच मैदानाला उत्तम. तुडवली तरी पुन्हा फुटते आणि उन्हाळ्यात पिवळी पडली तरी पहिल्या पावसाने हिरवी होते.

मे महिन्यात मैदानातले दगड व तण काढून जमीन भुसभुशीत करावी. मधला भाग किंचित उंच ठेवून दोन्ही बाजूंना उतार द्यावा. शंभर फुटांस एक फूट पुरे. जमीन चिकण असेल तर वाळू मिसळावी आणि चांगले कुजलेले शेणखत घालावे. पाऊस स्थिरावला की हरळीचे दोन-तीन पेरांचे तुकडे वीत-वीत अंतरावर लावावेत आणि हलका रूळ फिरवावा. पुढे दोन-तीन महिने मैदान बंद ठेवावे. येथेच बहुतेकांची चिकाटी संपते! गवत वाढल्यावर कापताना एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नये. गोलासमोरची जागा लवकर उघडी पडते, म्हणून गोलाचे खांब अधूनमधून सरकवावेत. चिखलात खेळू नये व ओल्या मैदानावर गुरे सोडू नयेत. झाडे कडेला लावावीत, म्हणजे खेळणाऱ्यांना सावली मिळेल आणि हरळीला ऊन. शेजारी शेत असल्यास मध्ये खोल चर खणावा, नाहीतर मैदानातली हरळी पिकात शिरेल.

जमीन भाड्याने देण्यापूर्वी

शहरालगतच्या शेतकऱ्यांना हल्ली बॉक्स क्रिकेटच्या टर्फसाठी जमीन मागणारे लोक भेटतात. भाडे आकर्षक असते. परंतु वरची सुपीक माती एकदा काढून खडी दाबली की ती जमीन सहजासहजी पिकाखाली येत नाही. देणारच असाल तर बिगरशेती वापराची परवानगी कोण घेणार, काढलेली माती कोठे साठवणार आणि मुदत संपल्यावर गालिचा, खडी व दाणे कोणाच्या खर्चाने हलवणार, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. तोंडी शब्दावर विसंबू नये.

थोडक्यात आमचे म्हणणे असे. जेथे रोज सकाळपासून रात्रीपर्यंत शेकडो मुले खेळतात, किंवा जेथे हॉकीचे खेळाडू मोठ्या स्पर्धांसाठी तयार करावयाचे आहेत, तेथे टर्फ जरूर घालावे. मात्र रबराच्या भुग्याशिवायचे घालावे आणि देखभालीचा पैसा आधीच बाजूला काढावा. गावच्या पटांगणाला हरळी पुरेशी आहे. तिच्यासाठी देणग्यांच्या याद्या कराव्या लागत नाहीत. मे महिन्यातील दोन रविवार, काही गाड्या शेणखत आणि पावसाळाभर थोडा धीर, एवढे गावाने दिले तर नाताळच्या सुट्टीत मुले हिरव्या मैदानावर धावतील.