बावन्न खोकी आणि एक खोली

परदेशी निघालेल्या माणसाला निरोप देताना सगळ्यांचे डोळे त्याच्या बॅगेवर असतात. किती किलो भरले, लोणच्याची बरणी नीट गुंडाळली का, पासपोर्ट वरच्या कप्प्यात आहे ना! मागे काय राहिले, इकडे कुणाचे लक्ष जात नाही. आमचेही गेले नव्हते, आणि त्याची किंमत तेरा वर्षे दुसऱ्याच कुणीतरी मोजली. ती हकीकत सांगताना आजही थोडी लाज वाटते. पण दिवाळीची झाडलोट चाललीच आहे, तर हाही कोपरा झाडून काढावा म्हणते.

माझे सासर डोंगरीचे. 'डोंगरी' म्हटले की लोकांना मुंबईतली डोंगरी आठवते. आमची ती नव्हे. भाईंदर स्टेशनला पश्चिमेकडे उतरायचे, उत्तनची बस धरायची आणि मुर्धा, राई, मोर्वा अशी गावे मागे टाकीत यायचे. वाटेत मिठागरे, पुढे चर्च, आणि पाठीशी समुद्र. हवा अशी खारट, की जूनमध्ये लोखंडाची नवी कडी लावावी आणि गणपतीला तिला गंज चढलेला पाहावा. हा खारेपणा पुढे गोष्टीत येणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवते.

1996 च्या मे महिन्यात आमच्या यांना मस्कतला नोकरी लागली. करार दोन वर्षांचा. मी, हे आणि चार वर्षांचा मुलगा. डोंगरीच्या घरात तेव्हा सासूबाई, थोरले भावोजी, जाऊबाई आणि त्यांच्या दोन मुली. घर कौलारू, खोल्या तीन. त्यातली मागची खोली आमची.

निघायला तीन आठवडे होते. पहिले दोन आठवडे मी याद्या करण्यात घालवले आणि तिसऱ्यात सगळ्या याद्या फाडल्या. कारण एकेक वस्तू हातात घेतली की एकच वाक्य तोंडातून येई : "राहू दे, परत आल्यावर लागेल." तांब्याचा बंब लागेल, शिवणयंत्र लागेल, मुलाचा पाळणा (देव करो न करो) लागेल, गाद्या तर लागतीलच. दिवाळी अंकांचे सात गठ्ठे, पाहुण्यांच्या ताटांचा संच, लग्नात आलेली चार सारखी घड्याळे, यांची कॉलेजची पुस्तके. सारे त्या मागच्या खोलीत रचले, दाराला कुलूप घातले, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकून मी विमानात बसले.

किल्ली माझ्या पर्समध्ये. हे वाक्य मी तेव्हा मनात अभिमानाने म्हटले होते.

दोन वर्षांची चार झाली, चाराची आठ. ज्यांनी आखातात दिवस काढले आहेत त्यांना हा हिशेब समजावून सांगायला नको. दर वर्षी 'हे शेवटचे' म्हणायचे आणि दर वर्षी करार वाढवायचा. गंमत अशी, की तिथल्या घरातही मी तोच खेळ मांडला होता. रुवीच्या दोन खोल्यांत चांगली पातेली कपाटावर खोक्यातच, 'इंडियात गेल्यावर काढू' म्हणून. काचेचा डिनर सेट वेष्टणासकट, 'इंडियात गेल्यावर'. चांगल्या चादरीही तशाच. म्हणजे डोंगरीचे सामान आमच्या येण्याची वाट पाहत होते, मस्कतचे सामान आमच्या जाण्याची. आणि मधली आम्ही तीन माणसे चिरा गेलेल्या बशांतून जेवत होतो! दोन घरे असूनही एकातही आम्ही धड राहत नव्हतो, हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षे लागली.

2009 च्या एप्रिलमध्ये अखेर परतायचे ठरले. आता हे सगळे सामान आणायचे कसे? शेजारी उत्तनकडच्या एक बाई होत्या, त्यांचे यजमान जहाजावर. आयुष्यभर सामान बांधण्यात आणि सोडण्यात गेलेल्या त्या माउलीने मला जे शिकवले, ते कुठल्याही पुस्तकात मिळाले नसते. त्या म्हणाल्या, "विमानाला वजन मोजतात आणि बोटीला जागा. जड वस्तू बोटीने धाडा, आणि पोकळ वस्तू कशानेच धाडू नका." किती खरे! समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाचे भाडे घनमीटरवर लागते. रिकामा पिंप पाठवला तर आतल्या हवेचेही भाडे भरावे लागते. मग पिंपात तांदळासारख्या गाद्या कोंबा, पातेल्यात पातेले आणि त्यात मुलाचे मोजे. पुस्तके लहान खोक्यांत, कारण मोठे खोके पुस्तकांनी भरले तर ते हमालाने उचलायचे की क्रेनने? प्रत्येक खोक्यावर तीन बाजूंनी आकडा, आणि त्या आकड्यापुढे वहीत आतला जिन्नस. यादीच्या तीन प्रती : एक आपल्या हातात, एक माल नेणाऱ्याकडे, एक कस्टमसाठी. 'किरकोळ' असा शब्द यादीत लिहू नये. कस्टमचा माणूस नेमके तेच खोके फोडतो.

लाकडी पेटीचा मुद्दा मला नवा होता. कच्च्या लाकडाच्या पेट्यांतून किडे देशोदेशी जातात, म्हणून 2002 पासून तसे लाकूड तापवून, त्यावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असलेला शिक्का मारण्याचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. आमच्या ओळखीच्या सुताराने प्रेमाने ठोकलेल्या दोन सुंदर पेट्या त्यामुळे मस्कतलाच राहिल्या. आणि कस्टमच्या सवलतींना तारखा असतात. उदाहरणार्थ, 2016 च्या बॅगेज नियमांत मागून येणारे सामान आपण भारतात पोहोचल्यापासून महिन्याच्या आत तिकडून रवाना व्हावे, अशी अट होती. हे नियम वरचेवर बदलतात; ज्या वर्षी निघायचे त्या वर्षीचा नियम पाहावा, मेहुण्याच्या वेळचा नव्हे.

विजेचेही पाहावे. मस्कतचा आणि आपला दाब जवळपास सारखा, त्यामुळे आमचा मिक्सर नुसता पिन बदलून चालला. पण अमेरिकेहून परतलेल्या माझ्या मैत्रिणीने एकशेवीस व्होल्टचा मिक्सर हौसेने आणला आणि डोंबिवलीच्या दोनशेतीस व्होल्टवर लावला. चटणी झाली ती मिक्सरची!

असो. आमची बावन्न खोकी झाली. न्हावाशेवा बंदरात उतरली, सोडवली, आणि एके दिवशी भर दुपारी टेम्पो डोंगरीच्या दारात उभा राहिला. आम्ही गेलो तेव्हा इथे नगरपालिका होती, आलो तेव्हा महानगरपालिका होऊन सात वर्षे लोटली होती. सासूबाई 2003 सालीच गेल्या होत्या. भाच्या लग्नाच्या वयाच्या झाल्या होत्या.

मी पर्समधून किल्ली काढली. कुलूप अर्थातच उघडले नाही. तेरा पावसाळ्यांची खारी हवा! भावोजींनी हातोडीने कडी उखडली.

आत काय होते, त्याचे वर्णन थोडक्यात करते. गाद्यांचे गोळे झाले होते. दिवाळी अंकांचे सातही गठ्ठे बाहेरून जसेच्या तसे होते, आणि हात लावताच आत नुसती माती. वाळवीने अक्षर न् अक्षर वाचून काढले होते. शिवणयंत्राचे चाक फिरेना. पाळण्यात उंदरांनी संसार थाटला होता. चार घड्याळे चार वेगवेगळ्या वेळा दाखवीत होती. शाबूत काय राहिले? तांब्याचा बंब, पितळेचे एक घंगाळे आणि स्टीलची ताटे. ज्यांना आम्ही 'नाजूक' म्हणून जपले ते सगळे गेले.

पण मला रडू आले ते त्यामुळे नव्हे. संध्याकाळी बावन्न खोकी ओसरीवर रचलेली, आणि जेवणे झाल्यावर अंथरुणे पडू लागली. मोठी भाची स्वयंपाकघरात, ओट्याखाली उशी सारून झोपायला गेली. मी विचारले, "अगं, इथे का?" ती सहज म्हणाली, "काकू, मी इथेच झोपते. दहावीचा अभ्यासही इथेच केला."

तेरा वर्षे! तीन खोल्यांच्या घरातली एक खोली माझ्या गाद्यांनी आणि घड्याळांनी अडवली होती. सासूबाईंचे आजारपण बाहेरच्या खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत झाले. आणि या काळात फोनवर जाऊबाईंनी एकदाही खोलीचा विषय काढला नव्हता. मी दर महिन्याला विचारी, "काही हवं का पाठवायला?" आणि त्या म्हणत, "काही नको गं, सगळं आहे."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटले, "ताई, एकदा तरी बोलायचं होतंत. कुलूप तोडलं असतं तरी मला राग नसता आला."

त्या तांदूळ निवडीत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "किल्ली तू नेलीस ना. मग मी काय समजायचं?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

मला तेव्हा आठवले ते आमच्या ओळखीचे एक कुटुंब, कुवेतहून परतलेले. 2 ऑगस्ट 1990 ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या, आणि सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीयांना आपल्या सरकारने आणि एअर इंडियाने मायदेशी आणले. पुष्कळांना बसने इराकमधून जॉर्डनच्या अम्मानपर्यंत जावे लागले आणि तिथून विमान. या कुटुंबाच्या हातात माणशी एक पिशवी. बाईंनी कागदपत्रे, दागिने आणि लग्नाचा एक फोटो घेतला; घाईत कुकरची शिटी पिशवीत पडली आणि कुकर राहिला! ती शिटी त्यांनी पुढे कितीतरी वर्षे देवघराजवळ ठेवली होती. त्यांची दैना झाली, ती कुणावर न येवो. पण त्यांच्यामुळे घरी कुणाची खोली अडली नव्हती, हेही खरे.

मग आम्ही दोघी जावा खोकी उघडायला बसलो. मी आधी ठरवलेली सारी पद्धत बाजूला ठेवली आणि जाऊबाईंनी आपली चालवली. त्या प्रत्येक वस्तू वर धरून एकच विचारीत : "कोण वापरणार?" 'लागेल' हे उत्तर त्यांना चालत नसे; माणसाचे नाव सांगावे लागे. नाव सांगता आले नाही की वस्तू दाराबाहेर. डिनर सेट मोठ्या भाचीच्या लग्नाला गेला. चादरी त्याच रात्री अंथरल्या. चार घड्याळांपैकी एक चर्चजवळच्या दुरुस्तीवाल्याने चालू करून दिले, बाकीची तीन त्यालाच दिली. बावन्न खोक्यांतली एकोणीस उरली. मागची खोली धुऊन, चुना लावून भाचीला दिली, आणि आम्ही भाईंदरला स्टेशनजवळ दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला.

2023 साली आमचा मुलगा कॅनडाला निघाला. निघायच्या आठवड्यात त्याने आपली गिटार, बूट, पुस्तके, क्रिकेटची बॅट सगळे पलंगावर मांडले आणि म्हणाला, "आई, हे ठेव. परत आल्यावर लागेल."

मी त्याला एक पत्र्याची ट्रंक दिली. म्हटले, "यात मावेल ते ठेव. मावणार नाही ते आजच कुणालातरी दे." दोन दिवस तो रागावला होता. मग गिटार मित्राकडे गेली, बॅट वाडीतल्या पोरांना. ट्रंकेत शेवटी गोधड्या, फोटो आणि सहा पुस्तके राहिली. फ्लॅटमध्ये तिला जागा होईना, तेव्हा जाऊबाईच म्हणाल्या, "डोंगरीला आणून टाक, माझ्या पलंगाखाली राहील." मी नको नको म्हटले, पण त्या ऐकेनात. ट्रंक गेली, आणि तिच्याबरोबर किल्लीही.

गेल्या पावसात रात्री नऊला त्यांचा फोन आला. "अगं, उत्तनहून पाहुणे आलेत, चार जण. बस बंद झाली. ट्रंकेतल्या गोधड्या काढू का?"

"विचारता काय ताई," मी म्हटले, "किल्ली तुमच्याकडेच आहे."

"हो," त्या म्हणाल्या, "काढल्यात मी. नुसतं कानावर घातलं."