मोटार तापवायची की माणूस?

कॅनडातील विनिपेग शहरात जानेवारीचे सरासरी तापमान उणे १६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ही झाली सरासरी. एखाद्या पहाटे पारा उणे ३० च्याही खाली उतरतो. अशा सकाळी चहा घेत खिडकीशी उभा असलेला माणूस किल्लीच्या डबीवरचे एक बटण दाबतो आणि बाहेर रात्रभर बर्फात उभी असलेली त्याची मोटार आपोआप सुरू होते. आत कोणीही नसते. दहा-पंधरा मिनिटांनी तो बाहेर येतो, तोवर काचेवरचे हिम सुटू लागलेले असते आणि आतली हवा सुसह्य झालेली असते.

आपल्या विद्यार्थ्यांना यातले बटण आवडेल. आम्हांला मात्र त्यामागचा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. मोटार आधी तापवावी का लागते? इंजिनासाठी, की आत बसणाऱ्या माणसासाठी? या प्रश्नाचे उत्तर गेल्या चाळीस वर्षांत बदलले आहे. सवय मात्र फारशी बदललेली नाही.

थंडीत इंजिन सुरू व्हायला नाखूश का असते, ते आधी पाहू. पहिली अडचण बॅटरीची. शिसे आणि सौम्य गंधकाम्ल यांच्यातील रासायनिक क्रियेतून वीज मिळते आणि बहुतेक रासायनिक क्रियांप्रमाणे हीही थंडीत मंदावते. उणे १८ अंशांना बॅटरीची ताकद उन्हाळ्यातल्या ताकदीच्या जेमतेम निम्मी उरते. त्यातही एक गंमत आहे. पूर्ण भारित बॅटरीतले आम्ल उणे ५० अंशांनाही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीतले द्रावण उणे १० अंशांच्या आसपासच गोठू लागते. असे का, हे दहावीच्या मुलांना विचारून पाहावे. बॅटरी उतरताना आम्लातला सल्फेटचा भाग शिशाच्या पट्ट्यांवर जाऊन बसतो आणि मागे राहते ते जवळजवळ पाणीच. पाणी गोठताना प्रसरण पावते व बॅटरीचे कवच तडकते.

दुसरी अडचण वंगणतेलाची. निम्म्या ताकदीच्या बॅटरीला नेमके याच वेळी जास्त काम करावे लागते, कारण तेल घट्ट झालेले असते. आपल्याकडे डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली शेगडीजवळ ठेवावी लागते, हा अनुभव घराघरांतला आहे. इंजिनातले तेल तसे एकदम गोठत नाही, पण त्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा आतला विरोध, खूप वाढते. तेलाच्या डब्यावर ‘५ डब्ल्यू-३०’ असे काहीतरी छापलेले असते. त्यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे ‘विंटर’, हिवाळा. ५ डब्ल्यू तेलाची चाचणी उणे ३० अंशांना घेतात. एवढ्या थंडीतही इंजिन फिरवता येईल इतके ते पातळ राहिले पाहिजे. आपल्या अनेक मोटारसायकलींत घातले जाणारे २० डब्ल्यू-४० तेल याच कसोटीवर उणे १५ अंशांपर्यंतच उतरते. पुण्याला तेवढे पुष्कळ झाले.

तिसरी अडचण इंधनाची, आणि ती सर्वांत रंजक आहे. द्रव पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. थंडीत वाफ कमी होते. म्हणून थंड प्रदेशात हिवाळ्यासाठी अधिक बाष्पनशील पेट्रोल विकतात. त्यात ब्यूटेनचे प्रमाण जास्त असते. तरीही थंड इंजिनाला गरम इंजिनापेक्षा जास्त पेट्रोल द्यावे लागते, म्हणजे त्यातला वाफ होणारा अंश तरी पुरेसा पडतो. जुन्या मोटारींत हे काम चोक करीत असे. कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या हवेची वाट अरुंद केली की मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण वाढते. सकाळी चोक ओढून, स्कूटर बाजूला कलती करून, मग किक मारणारे वडील किंवा काका पुष्कळ वाचकांना आठवत असतील. कलती केल्याने कार्ब्युरेटरमध्ये थोडे जादा पेट्रोल उतरे. विधी वाटणारी ही कृती मुळात रसायनशास्त्रच होती.

(डिझेलची तऱ्हा निराळी. त्यातले मेण थंडीत वेगळे होऊन गाळणी तुंबवते. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये खास हिवाळी डिझेल आणले, ते उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते.)

कार्ब्युरेटरच्या काळात इंजिन थोडे तापल्याशिवाय गाडी हलवली, तर ते गुदमरून बंद पडे. म्हणून ‘आधी तापू द्या’ हा सल्ला तेव्हा खराच होता. अतिथंड प्रदेशांत त्यावर आणखी एक उपाय निघाला: इंजिनाच्या ठोकळ्यात बसवलेला विजेचा तापक. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातील अँड्र्यू फ्रीमन यांना अशा तापकाचे पेटंट १९४९ मध्ये मिळाले. आजही विनिपेगमध्ये किंवा अलास्कातील फेअरबँक्समध्ये वाहनतळांवर विजेचे खटके ओळीने दिसतात आणि मोटारींच्या पुढच्या जाळीतून वायरी लोंबत असतात. मोटार रात्री पाण्याच्या हीटरसारखी प्लगला जोडायची! उणे ३० अंशांना हाच उपाय शहाणपणाचा, कारण त्याने इंजिन सुरू होण्यापूर्वीच गरम होते.

पुढे १९८० ते १९९० च्या काळात पाश्चात्त्य देशांत कार्ब्युरेटर गेला आणि संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली. तापमापक तापमान सांगतो, संगणक नेमके किती पेट्रोल द्यायचे ते ठरवतो. असे इंजिन सुरू झाल्यावर तेल सर्वत्र पोहोचायला अर्धा-एक मिनिट पुरते. त्यानंतर गाडी सावकाश चालवायला हरकत नसते. उलट, उभ्या गाडीचे इंजिन फार हळू तापते.

किती हळू? वर्गात फळ्यावर करता येईल असा ठोकताळा मांडू. इंजिनात १०० किलोग्रॅम लोखंड आणि ६ किलोग्रॅम शीतक द्रव आहे असे समजू. उणे २० पासून ८० अंशांपर्यंत, म्हणजे १०० अंश तापवायचे आहे. लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता प्रतिकिलोग्रॅम ०.४५ किलोज्यूल घेतली, तर लोखंडाला ४५०० किलोज्यूल लागतील. शीतकाची ३.५ धरली, तर त्याला २१०० लागतील. एकूण ६६०० किलोज्यूल. लिटरभर पेट्रोल जळून सुमारे ३३,००० किलोज्यूल मिळतात; त्यांतले एक तृतीयांश इंजिनाला तापवतात असे मानू, म्हणजे ११,०००. उभी गाडी तासाला साधारण एक लिटर जाळते. मग ६६०० किलोज्यूल साठायला ३६ मिनिटे हवीत! तीच गाडी शहरात हलक्या वेगाने चालली आणि तासाला तीन लिटर जाळू लागली, तर १२ मिनिटे पुरतात. प्रत्यक्षात उष्णता बाहेरही जाते आणि आकडे गाडीगणिक बदलतात, पण तीन पटींचा फरक नजरेआड करता येत नाही. शिवाय इतका वेळ पेट्रोलचे प्रमाण जास्तच राहते. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते, आणि धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक पुरेसा तापलेला नसल्याने नीट काम करीत नाही.

मग दूरनियंत्रणाचे बटण कोणासाठी? मुख्यतः माणसासाठी आणि काचेसाठी. काच निवळणे ही चैन नव्हे, समोरचे दिसले नाही तर अपघात ठरलेला. पण काच खरवडायला प्लास्टिकची खरवडणी असते, आणि मोटारीच्या आतली ऊब इंजिनाच्या शीतकातूनच येते. इंजिन तापायला वेळ, तर ऊब यायलाही वेळ.

यंत्रणा म्हणून मात्र हे बटण चतुर आहे. डबीतून रेडिओलहरींचा सांकेतिक संदेश जातो आणि हा संकेत दर वेळी बदलतो, म्हणजे चोराने एकदा ऐकलेला संदेश पुन्हा चालत नाही. गाडीतला संगणक आधी पाहतो: गिअर उभे राहण्याच्या जागी आहे ना, इंजिनावरचे झाकण बंद आहे ना, दारे कुलूपबंद आहेत ना. मगच इंजिन फिरवतो. ठरलेल्या मिनिटांत कोणी आले नाही, तर ते बंद करतो. किल्ली जवळ नसताना कोणी आत बसून ब्रेक दाबला, तरी बंद करतो. साध्या, हाताने बदलण्याच्या गिअरच्या गाड्यांत ही सोय क्वचितच असते. गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी करून ठेवली असेल, तर बटण दाबताच काय होईल याची कल्पना मुले सहज करतील. अलीकडे मोबाइल फोनवरूनही संदेश जातो, त्यामुळे अंतराची मर्यादाच उरलेली नाही.

याच सोयीत खरा धोका आहे. थंड देशांत मोटारीची खोली बहुधा घराला लागूनच असते. खिशातले बटण चुकून दाबले गेले, किंवा दार बंद असतानाच मुद्दाम दाबले, तर कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. थंड इंजिनाचे समृद्ध मिश्रण आणि न तापलेला उत्प्रेरक, म्हणजे हा वायू सर्वांत जास्त बाहेर पडण्याची नेमकी वेळ. नुसते दार उघडे ठेवून भागत नाही. गाडी बाहेर काढूनच सुरू करायची. धुराच्या नळीचे तोंड बर्फाने बुजले असेल, तर बाहेरही हा वायू आत शिरू शकतो. किल्ली न फिरवता बटणाने चालणाऱ्या गाड्या बंद करायला विसरल्याने अमेरिकेत २००६ पासून दोन डझनांहून अधिक माणसे दगावल्याचे न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ मध्ये दाखवून दिले. ही यंत्रणा दूरनियंत्रणाहून वेगळी, पण चूक एकाच जातीची: इंजिन चालू आहे हे माणसाला माहीतच नसणे. अशा गाड्या आपोआप बंद व्हाव्यात यासाठी नियम करावा, अशी तरतूद तिथे २०२१ च्या कायद्यात झाली.

जर्मनीत हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला आहे. तिथे वाहतूक नियमांनुसार इंजिन विनाकारण चालू ठेवता येत नाही, आणि उभ्या गाडीचे इंजिन तापवत ठेवणे त्यातच मोडते. आम्हांला हा नियम योग्य वाटतो. शेजाऱ्याच्या खिडकीखाली पंधरा मिनिटे धूर सोडायचा हक्क कोणाला का असावा?

विजेच्या मोटारीत धूरच नाही, त्यामुळे तिला घरातूनच ऊब देण्यात धोका नाही. अडचण दुसरी आहे. तिच्यात वाया जाणारी उष्णता फार थोडी असल्याने ऊब बॅटरीतूनच घ्यावी लागते आणि हिवाळ्यात तेवढा पल्ला घटतो. म्हणून गाडी भारणयंत्राला जोडलेली असतानाच फोनवरून आतली हवा आणि बॅटरी तापवून घेतात. वीज घरची खर्च होते, बॅटरीतली नाही. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के विजेच्या होत्या. विनिपेगच्या लोंबत्या वायरीचे तत्त्वच तिथे नव्या रूपात आले आहे: निघण्यापूर्वीची उष्णता भिंतीतल्या खटक्यातून घ्यायची.