स्वादुपिंडाचा कॅन्सर: शरीरातला दाह आगीत तेल कसं ओततो?

जठराच्या मागे दडलेल्या स्वादुपिंडात, म्हणजेच पॅन्क्रियाजमध्ये, गाठ वाढू लागली तरी बराच काळ काहीच जाणवत नाही. निदान होतं तेव्हा अनेकदा उशीर झालेला असतो. अमेरिकेतसुद्धा निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्या रुग्णांचं प्रमाण जेमतेम १३ टक्के आहे. हा आजार इतका चिवट का, याचं एक उत्तर शरीराच्या स्वतःच्याच संरक्षण यंत्रणेत सापडतं.

दाह म्हणजे काय?

बोट कापलं की ती जागा लाल होते, सुजते. जखमी पेशी आणि पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाचे रेणू सोडतात. 'मदतीला या, नव्या पेशी तयार करा', असा निरोप ते आजूबाजूला पोहोचवतात. जखम भरली की निरोप थांबतात. पण स्वादुपिंडाला सतत सूज राहिली, म्हणजे क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस झाला, तर ते सुरूच राहतात.

मग कॅन्सर कसा होतो?

या कॅन्सरच्या ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत 'केरास' या जनुकात बिघाड असतो. पण तेवढं पुरेसं नसतं. २००७ साली स्पेनमधल्या शास्त्रज्ञांनी प्रौढ उंदरांमध्ये हा बिघाड घडवला, तरी कॅन्सर झाला नाही. त्याच्या जोडीला स्वादुपिंडाला सूज आणली, तेव्हा मात्र झाला.

यात इंटरल्यूकिन-६ या सायटोकाइनची भूमिका मोठी आहे. ते पेशीला चिकटलं की आत 'स्टॅट-३' हे प्रथिन जागं होतं आणि पेशीला 'मरू नकोस, वाढत राहा' असा आदेश मिळतो. पुढे गाठच आसपासच्या तंतुमय पेशींकडून इंटरल्यूकिन-६ बनवून घेते. म्हणजे दुरुस्तीची यंत्रणा गाठीच्याच कामाला लागते.

मग दाह थांबवला तर?

हा मार्ग रोखणारं रुक्सोलिटिनिब हे औषध केमोथेरपीसोबत देऊन पाहिलं गेलं. फायदा दिसला नाही, म्हणून २०१६ मध्ये त्या मोठ्या चाचण्या थांबवल्या गेल्या. गाठ पक्की झाल्यावर तिच्याकडे वाढीचे अनेक मार्ग असतात. एक बंद करून भागत नाही. 'दाह कमी करणारा' काढा किंवा पावडर कॅन्सर बरा करते, असे मेसेज वाचताना हे लक्षात ठेवायला हवं.

आपल्या हातात काय?

तंबाखू आणि दारूपासून लांब राहणं, वजन आटोक्यात ठेवणं आणि पॅन्क्रियाटायटिसचे उपचार अर्धवट न सोडणं. कारण नसताना वजन घटणं, कावीळ, पोटातून पाठीकडे जाणारं दुखणं किंवा पन्नाशीनंतर अचानक सुरू झालेला मधुमेह, यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये.